एका तुटलेल्या स्टडची हकीकत

भोपाळच्या अरेरा कॉलनीत आमच्या फाटकाच्या आत एक पांढरी अँबॅसडर उभी असते. ती अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८६ साली घेतली. नाव नोंदवावयाचे आणि मग वाट पाहत बसावयाचे, असा तो काळ होता. त्यामुळे गाडी दारात आली त्या दिवशी घरात सत्यनारायण झाला आणि आईने बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले. अण्णांना जाऊन आता अकरा वर्षे होतील. उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुले म्हणतात, बाबा, आता पुरे करा. परंतु आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि तिचे गुडघे नव्या गाड्यांच्या दारांना मानत नाहीत. अँबॅसडरचे दार रुंद, आसन आरामखुर्चीसारखे. ती तीत बसते आणि उठते, कुणाचा हात न धरता. एवढ्या एका कारणासाठी गाडी ठेवली आहे असे मी लोकांना सांगतो. दुसरेही कारण आहे, पण ते लोकांना सांगण्यासारखे नाही.

गेल्या हिवाळ्यात या गाडीच्या इंजिनातील एक स्टड तुटला. बोटाच्या दोन पेरांएवढा लोखंडाचा तुकडा तो. त्यावर अख्खा लेख कशाला, असे कुणी म्हणेल. पण त्या तीन दिवसांत मला जे दिसले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. शिवाय आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडिलांच्या हातची एखादी गाडी, स्कूटर, निदान शिवणयंत्र तरी असेलच. त्यांना यातले काही उपयोगी पडेल.

प्रारंभ आईच्या डोक्यापासून झाला. डिसेंबरच्या सुमारास ती म्हणू लागली, “गाडीत बसलं की डोकं जड होतं रे. काच खाली कर.” मी काच खाली करीत असे, पाच मिनिटांत गार वारा लागला म्हणून पुन्हा वर करीत असे. डॉक्टरांना दाखविले. रक्तदाब ठीक निघाला. वयाचा परिणाम, असे मीच मनाशी ठरविले आणि विषय संपविला. आमच्या सौ.ने मात्र एकदा विचारले, “घरी तर त्यांचं डोकं दुखत नाही. गाडीतच कसं दुखतं?” मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, यावरून ते किती विचारपूर्वक दिले असेल याची वाचकांनी कल्पना करावी.

सकाळी गाडी सुरू केली की इंजिनातून टिक्‌-टिक्‌-टिक्‌ असा एक कोरडा आवाज येई. गाडी तापली की तो नाहीसा होई. जुन्या गाडीला असे आवाज असतातच, अशी माझी समजूत. शेवटी एके दिवशी न्यू मार्केटहून परत येताना आईला उमासे येऊ लागले, तेव्हा मी गाडी पुल बोगद्याजवळच्या गल्लीत उस्तादांकडे नेली. उस्ताद सत्तरीचे. अण्णांच्या वेळेपासून हीच एक गाडी ते मनापासून हाताळतात; बाकीच्या नव्या गाड्यांकडे ते “डिब्बा” म्हणून पाहतात. त्यांनी बॉनेट उघडले, इंजिन सुरू करावयास सांगितले, आणि एक पातळ चिंधी लांब तारेला बांधून इंजिनाच्या कडेने फिरविली. मागच्या कोपऱ्याशी, ड्रायव्हरच्या बाजूच्या पत्र्याजवळ, ती चिंधी फडफडू लागली.

“को खां, अम्मा जी को इसी में घुमा रिये थे?” एवढेच ते म्हणाले.

इंजिनाच्या चार सिलिंडरांतून जळालेला धूर बाहेर पडतो तो प्रथम एका ओतीव लोखंडाच्या जाड नळकांड्यात एकत्र येतो. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. ते इंजिनाच्या डोक्याला, म्हणजे सिलिंडर हेडला, गॅस्केट मध्ये घालून स्टड आणि नट यांनी आवळलेले असते. कुठे एक नट सैल पडला किंवा गॅस्केट जळाले की तेथून धूर फुसफुसू लागतो. इंजिन तापले की लोखंड प्रसरण पावून फट बुजते, आवाज थांबतो आणि आपल्याला वाटते दुखणे गेले. आमच्या गाडीत फट होती ती नेमकी मागच्या बाजूला. तेथून पत्र्यातल्या तारांच्या भोकांवाटे धूर थेट बसावयाच्या जागेत येत होता.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. म्हणजे तो थोडासा जरी शिरला तरी प्राणवायूची जागा अडते. डोके जड होणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे. नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारे यंत्र असते. १९८६ च्या अँबॅसडरमध्ये ते कोठून असणार? हिवाळ्यात काचा बंद ठेवून गाडी चालविणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने हे लक्षात ठेवावे. गाडीत बसल्यावर डोके दुखते आणि उतरल्यावर थांबते असे घरातील कुणी म्हणाले, तर ते वयाचे दुखणे नव्हे.

काम साधे होते. मॅनिफोल्ड काढावयाचे, नवे गॅस्केट घालावयाचे, पुन्हा आवळावयाचे. उस्तादांनी ते आपल्या हाताखालच्या मुलाला सांगितले. मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा, बोलण्यात अबोल, कामात चटपटीत. मी बाजूला स्टुलावर चहा घेत बसलो होतो. पुढचे नट सुटले. मागच्या कोपऱ्यातला शेवटचा नट सुटेना. त्याने तेल सोडले, थोडा थांबला, पुन्हा पाना लावला आणि अंगाचा भार दिला. कट्‌ असा आवाज झाला. पाना एकदम सैल फिरला आणि त्याच्या हातात नटासकट स्टडचा अर्धा तुकडा आला. उरलेला अर्धा हेडमध्येच राहिला, बाहेर जेमतेम दोन आटे दिसत होते.

मी चहाचा पेला खाली ठेवून त्या मुलावर जे तोंडसुख घेतले ते येथे लिहीत नाही. “पाना पकड़ना आता है कि नहीं?” हे त्यातले सर्वांत सौम्य वाक्य. हे हेड आता मिळत नाही, हे वडिलांच्या आठवणीचे आहे, तुला त्याची किंमत काय कळणार, असे सर्व मी बोलून गेलो. मुलगा मान खाली घालून उभा होता. गल्लीतील दोन-चार माणसेही थांबली.

उस्ताद शांतपणे आले. मुलाच्या हातातून तो तुटका तुकडा घेतला, रॉकेलमध्ये बुडविला, कापडाने पुसला आणि दुपारच्या उन्हात धरला. मग खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिला. नंतर तो माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, “देखिये भाई साहब. इसमें लौंडे का कुसूर नईं है.”

मी पाहिले. तुटलेला पृष्ठभाग एकसारखा नव्हता. त्याचा पाऊण भाग काळपट-तांबूस, गंज खाल्लेला, आणि त्यावर पाण्याच्या लाटा वाळूवर उमटाव्यात तशा बारीक रेषा. उरलेली चंद्रकोरीएवढी कड तेवढी लख्ख चकाकत होती. उस्ताद म्हणाले, जी चकाकते आहे ती आज तुटली. जी काळी आहे ती केव्हाचीच तुटलेली होती. मुलाने पाना लावला तेव्हा तो स्टड एका कडेवर लोंबकळत होता.

धातू असा हळूहळू तुटतो हे माणसाला फार महाग पडून समजले. १८४२ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या एका आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासाहून अधिक माणसे जळून मेली. धडधाकट दिसणारा लोखंडी आस चालता-चालता कसा मोडतो, याचा शोध मग कित्येक वर्षे चालला. प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट व्होलर या इंजिनिअरने पुढे हजारो वेळा धातू वाकवून दाखवून दिले, की एका वेळी सहज सोसेल असा भार लक्षावधी वेळा आला-गेला तर धातू थकतो. कुठल्याशा खाचेत केसाएवढी चीर पडते, ती रोज थोडी पुढे सरकते, आणि उरलेला भाग भार पेलण्याइतका राहिला नाही की एके दिवशी एखाद्या क्षुल्लक निमित्ताने सगळे तुटते. पुल बोगद्याच्या उस्तादांनी व्होलरचे नाव ऐकलेले नाही. पण त्या लाटा त्यांना वाचता येतात.

“चीर पडली कशाने?” मी विचारले. त्यांनी नट उलटसुलट करून पाहिला. “ये नट गाड़ी का नईं है. गाड़ी में पीतल का आता है. ये लोहे का है, और आठ नंबर का है. किसी ने पाइप लगा के कसा है.”

मला उत्तर सुचेना, कारण तो “किसी ने” मीच होतो.

दोन वर्षांपूर्वी याच ठिकाणी बारीक फुसफुस सुरू झाली होती. एका रविवारी मी अण्णांचा पाना घेऊन स्वतःच बसलो. जुना पितळी नट कुठेतरी खाली पडून हरवला. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आठ मिलिमीटरचा लोखंडी नट आणला. बोटाने दोन फेरे बसला, मग अडकू लागला. अडकतो आहे याचा अर्थ घट्ट बसतो आहे, असे मी समजलो. सहा इंची पान्याला हात दीड हात लांबीची नळी जोडून त्याला शेवटपर्यंत नेले. पान्याची लांबी तिप्पट झाली की तेवढ्याच जोरात पीळ तिप्पट बसतो, हे मी शाळेत शिकलो होतो. फुसफुस थांबली. त्या दिवशी जेवताना मी आईला अभिमानाने सांगितले होते, की मेकॅनिकचे पैसे वाचले.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ही चूक अगदी आपल्या देशातली आहे. अँबॅसडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचे इंजिन इंचात आखलेले. आपल्या देशाने १९५६ साली कायदा करून मेट्रिक मापे स्वीकारली, बाजारातले नट-बोल्ट यथावकाश मिलिमीटरचे झाले, पण इंचातली इंजिने उत्तरपाड्यात पुढे कित्येक वर्षे बनत राहिली. या स्टडची जाडी पाच सोळांश इंच. मिलिमीटरमध्ये सांगावयाचे तर ७.९४. बाजारातला नट ८ चा. डोळ्याला फरक दिसत नाही, बोटाला कळत नाही. फरक आट्यांत आहे. आपण मराठीत ज्याला आटे म्हणतो आणि येथे सगळे चूडी म्हणतात, ते या स्टडच्या नटाकडील टोकाला एका इंचात २४ असतात. आठ मिलिमीटरच्या नटाचे आटे सव्वा मिलिमीटरला एक, म्हणजे इंचात जेमतेम वीस. पहिले दोन फेरे दोघे एकमेकांना सांभाळून घेतात. पुढे एक दुसऱ्याला कापत जातो. माझ्या नळीने नट आवळला नव्हता, आटे चिरडले होते, आणि त्याच खाचेत पहिली चीर पडली होती. लोखंडावर लोखंड गंजून एकजीव झाले ते निराळेच. पितळ लोखंडाला तसे धरून बसत नाही, म्हणून तर धुराच्या नळीवर पितळी नट देतात.

आट्यांच्या या भानगडीने मोठमोठ्या राष्ट्रांनाही रडविले आहे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४१ साली सर्व कारखान्यांनी एकच आटा वापरावा अशी योजना मांडली आणि इंग्लंडने ती हळूहळू मान्यही केली. पण अमेरिकेने आपला आटा निराळा ठेवला. दुसऱ्या महायुद्धात एका देशाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेना. अखेर १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एक समाईक आटा ठरविला. आमच्या अँबॅसडरमध्ये आहे तो हाच.

असो. चूक माझी आहे हे मी त्या मुलाला त्याच गल्लीत, त्याच माणसांसमोर सांगितले. सांगताना जीभ अडखळली हे कबूल करतो. तो म्हणाला, “कोई बात नईं अंकल,” आणि पुन्हा इंजिनात वाकला. मला वाटते, त्या क्षणी त्याला माझ्यापेक्षा त्या दोन आट्यांची अधिक काळजी होती.

तुटका स्टड काढण्याची रीत सांगतो. घाई करावयाची नाही, हे पहिले. उस्तादांनी त्या दिवशी पान्याला हातच लावू दिला नाही. स्टडच्या मुळाशी गंज खाणारे पातळ तेल सोडले आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. मी टॅक्सीने घरी आलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅसच्या बारीक ज्योतीने स्टडभोवतीचे लोखंड तापविले आणि त्या तापल्या फटीला एक साधी मेणबत्ती टेकविली. मेण वितळून आट्यांच्या फटीत ओढले गेले; दिव्याची वात तेल ओढते तसे. मग दोन आट्यांना चिमटा-पकड लावून पाहिली, ती घसरली. दुसऱ्यांदा त्यांनी लावली नाही. आटे आणखी चेपले तर पुढचा उपायही जाईल, असे ते म्हणाले.

माझ्या मनात होते, ड्रिलने भोक पाडावे आणि उलट्या आट्यांचा ‘ईझी आउट’ घालून ओढून काढावे. नावात ‘ईझी’ आहे म्हणून मी भुललो होतो. उस्ताद हसले. भोक पाडावयाचे तर ते स्टडच्या नेमक्या मध्यावर पडले पाहिजे. येथे मागे पत्रा, ड्रिल सरळ धरावयास जागा नाही. थोडे तिरके गेले की स्टड सोडून हेडच कापले जाते, आणि फार खोल गेले तर मागच्या पाण्याच्या पोकळीत शिरते. त्यात ईझी आउट अतिशय कठीण पोलादाचा असतो. जो स्टड पान्याला दाद देत नाही, तो याला काय देणार? जोर दिला की तोच आत मोडतो, आणि त्याला साधे ड्रिल लागत नाही. एका गिऱ्हाइकाचे असे झाले होते. ते हेड मग गोविंदपुऱ्यात नेऊन ठिणगीच्या यंत्राने साफ करावे लागले. हे यंत्र विजेच्या बारीक ठिणग्यांनी धातू कण-कण खाते. १९४३ साली सोव्हिएत रशियात लाझारेन्को नावाच्या पती-पत्नींनी ही युक्ती शोधली, आणि आत मोडलेली हत्यारे बाहेर काढणे हा तिचा एक मोठा उपयोग ठरला. पण त्यासाठी आमच्या गाडीचे सारे हेड उतरवावे लागले असते. उस्तादांना ते टाळावयाचे होते.

त्यांनी निवडला तो उपाय वेल्डिंगचा. बॅटरीच्या तारा सोडविल्या. पेट्रोलची नळी काढून तिचे तोंड बांधले, ती बाजू ओल्या गोणपाटाने झाकली. मग स्टडच्या दोन आट्यांवर एक मोठ्या भोकाचा नट नुसता ठेवला, आणि नटाच्या भोकातून स्टडच्या माथ्यावर वेल्डिंग धरले. स्टड पोलादाचा, त्याला टाका धरतो; हेड ओतीव लोखंडाचे, त्याला तो सहजी धरत नाही. म्हणून हेड सुरक्षित राहते. टाक्यापेक्षाही महत्त्वाची आहे ती उष्णता. स्टड लाल होतो, प्रसरण पावू पाहतो, पण भोवतालचे थंड लोखंड त्याला पसरू देत नाही. तो आतल्या आत दबतो आणि निवताना आक्रसतो. त्या आक्रसण्याने गंजाची पकड सुटते.

पहिला नट पाना लावताच निखळून पडला. दुसराही पडला. मी उठून गल्लीच्या टोकापर्यंत चकरा मारू लागलो. तिसऱ्या वेळी उस्तादांनी वेल्डिंगचा दांडा त्या मुलाच्या हातात दिला. “मेरी आँख अब धोका देती है, तू लगा.” आदल्या दिवशी ज्याने स्टड तोडला असे मी गल्लीभर सांगितले, त्याच्या हातात! मी काही बोललो नाही. मुलाने टाका भरला, सगळे हाताला सोसेल इतके निवेपर्यंत सर्व जण बसून राहिलो, आणि मग त्याने पाना लावला. प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने, मग उलट. नट केसभर हलला. मला वाटले पुन्हा निखळला. पण टाका शाबूत होता. स्टडच फिरला होता. त्यानंतर पाव फेरा सोडावयाचा, तेल द्यावयाचे, थोडे परत आवळावयाचे, पुन्हा पाव फेरा. वीस मिनिटे हेच चालले. ओढून काढला असता तर निघालेल्या गंजाने हेडचे आटे खरवडले असते. शेवटी तो तुकडा बाहेर आला तेव्हा वाफाळत होता आणि मेणाचा वास येत होता.

आता हेडमधले आटे साफ करावयाचे होते, आणि तेथे पुन्हा इंच आडवा आला. स्टडच्या आतल्या टोकाचे आटे बाहेरच्यापेक्षा जाड, इंचात १८, कारण ओतीव लोखंडात जाड आटा अधिक टिकतो. त्या मापाचा टॅप उस्तादांकडचा केव्हाच झिजला होता आणि बाजारात लगेच मिळेना. मला अण्णांची पेटी आठवली.

अण्णा हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये होते. नागपूर राजधानी होती तेव्हा आजोबा तेथल्या सचिवालयात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरहून जी मराठी कुटुंबे ट्रंका-वळकट्या घेऊन येथे आली, त्यांत आमचे एक. अण्णांना कचेरी आवडत नसे. एका ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने विजेची अवजड यंत्रे बनविणारा कारखाना येथे उभा राहत होता. नोव्हेंबर १९६० मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले, आणि अण्णा त्यात प्रशिक्षणार्थी म्हणून लागले. त्यांची हिरवी पत्र्याची पेटी आमच्या जिन्याखाली आहे. मी तिच्यातून पाना आणि हातोडी यांखेरीज कधी काही काढले नव्हते.

त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा तळापर्यंत उघडली. सर्व टॅप तेलकट कागदात गुंडाळलेले, प्रत्येकावर माप. इंचांचे एका खणात, मिलिमीटरचे दुसऱ्यात, आणि मध्ये एक पातळ लाकडी फळी, एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. पाच सोळांशचा टॅप मिळाला. त्याच्याच खाली बोर्नव्हिटाचा एक जुना डबा होता. झाकणावर चिकटविलेल्या कागदावर अण्णांच्या बारीक अक्षरात लिहिले होते: “गाडी. मॅनिफोल्ड. पितळी.” आत आठ नट होते. आई दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, “ते नट त्यांनी खास आणवले होते. तुला सांगितलं होतं त्यांनी, आठवत नाही?” मला आठवत नव्हते. सांगितले असणार. अण्णा यंत्राचे काही सांगू लागले की मी हो-हो म्हणत वर्तमानपत्र वाचीत असे.

तिसऱ्या दिवशी उरलेले काम अर्ध्या दिवसात झाले. कबाडखान्यातून जुना स्टड सहज मिळाला असता, पण जुन्याच्या पोटात काय आहे ते कोणी पाहिले आहे, असे म्हणून उस्तादांनी जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या एका दुकानातून नवाच आणविला. मुलाने अण्णांच्या टॅपने हेडचे आटे साफ केले. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, मध्ये फुंकर. स्टड हाताने बसविला. गॅस्केट नवे. नट अण्णांच्या डब्यातले, मधल्यापासून कडेकडे थोडे-थोडे आवळीत, नुसत्या पान्याने. गाडी तापवून, थंड करून, पुन्हा एकदा. तारेवरची चिंधी फिरविली, ती हलली नाही. मजुरीचा जो आकडा पहिल्या दिवशी सांगितला होता तोच उस्तादांनी घेतला. मुलाला मी वेगळे पैसे देऊ लागलो तर तो मागे सरला आणि म्हणाला, तो टॅप दोन दिवस ठेवून घेऊ का, शेजारी एक अँबॅसडर आली आहे. टॅप अजून त्याच्याकडेच आहे. मी परत मागितलेला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईला मोठ्या तलावाकडे घेऊन गेलो. जानेवारीची थंडी होती. सवयीप्रमाणे मी तिच्या बाजूची काच खाली केली. कमला पार्कपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “अरे, काच वर कर की. गार वारा लागतोय.”